सायप्रसचा पश्चिम किनारा: कूरियनपासून आकामासपर्यंतच्या प्रवासाची आखणी

सायप्रसच्या पश्चिम किनाऱ्याची सहल आखताना बहुतेक जण विषयवार यादी करतात: दोन दिवस प्राचीन अवशेषांसाठी, दोन दिवस समुद्रासाठी आणि वेळ उरलाच तर एखादा दिवस डोंगरवाटांसाठी. कागदावर ही विभागणी सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात तिच्यामुळे जुलैच्या भर दुपारी सावलीचा मागमूस नसलेल्या उत्खननात उभे राहावे लागते आणि समुद्र शांत असतो ती सकाळ वाया जाते. या किनाऱ्यावर अवशेष, पुळण आणि रान ही तिन्ही बहुधा एकमेकांपासून दहा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत; त्यामुळे दिवस विषयांनुसार न वाटता ऊन, वारा आणि रस्ता यांच्या हिशेबाने लावावेत, असे माझे मत आहे. पुढील आखणी त्याच सूत्रावर केली आहे. तिला सहा ते सात दिवस लागतात.

प्रथम भूगोल. सायप्रस हे सिसिली आणि सार्डिनियानंतर भूमध्य समुद्रातले तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर आहे. आपल्याला हवा असलेला पट्टा लिमासोल शहराच्या पश्चिमेला कूरियन या प्राचीन शहराच्या कड्यापाशी सुरू होतो, पाफॉस शहरावरून उत्तरेकडे वळतो, आकामास द्वीपकल्पाला वळसा घालतो आणि पोलिस या छोट्या गावाजवळच्या क्रिसोखू उपसागराशी संपतो. 1974 पासून बेट विभागलेले आहे; हा सारा पट्टा सायप्रस प्रजासत्ताकाच्या बाजूला येतो, फक्त कूरियनच्या आसपासचा काही भाग ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत आहे. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. मात्र बेटाच्या उत्तर भागातील विमानतळावरून केलेला प्रवेश प्रजासत्ताक बेकायदेशीर मानते, म्हणून तिकीट लार्नाका किंवा पाफॉस विमानतळाचेच काढावे.

ऋतूची निवड

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हे दोन काळ सर्वांत चांगले. पैकी पहिला रानासाठी आणि दुसरा पोहण्यासाठी अधिक योग्य आहे. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात पडत असल्याने वसंतात आकामासच्या उतारांवर ऑर्किड, पांढरी-गुलाबी सिस्टस झुडपे आणि फक्त याच बेटावर आढळणारा गडद लाल रंगाचा सायप्रस ट्युलिप फुललेला दिसतो. पण तेव्हा समुद्राचे पाणी अठरा-वीस अंशांच्या आसपास, म्हणजे कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला चांगलेच थंड वाटेल असे असते. ऑक्टोबरमध्ये डोंगर करपलेले आणि पिवळे असतात. पाणी मात्र उन्हाळाभर तापून ऊबदार झालेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये जाण्याचे एकच सबळ कारण मला दिसते, ते म्हणजे कासवे; त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

समुद्राविषयी दोन गोष्टी आपल्याकडच्या वाचकाने आधीच ध्यानात घ्याव्यात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पाण्याची पातळी दिवसभरात वीतभर बदलली तरी पुष्कळ. उधाण आणि भांगाच्या तिथी पाहून किनाऱ्यावर उतरण्याची आपली सवय येथे निरुपयोगी ठरते. येथे पाहायचा तो वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि पाफॉसच्या बाजूच्या उघड्या किनाऱ्यांवर लाटा चढतात, तर आकामासच्या पलीकडे, पूर्वेच्या अंगाला असलेल्या छोट्या खाड्या त्याच वेळी आडोशाला राहतात. दुसरी गोष्ट अशी की पूर्व भूमध्य समुद्र अरबी समुद्रापेक्षा अधिक खारा आहे. त्यात अंग सहज तरंगते, पण डोळ्यांना चष्मा आणि नंतर गोडे पाणी दोन्ही लागतात.

कागदपत्रे आणि गाडी

सायप्रस युरोपीय संघात 2004 पासून आहे आणि 2008 पासून तेथे युरो चालतो. तरीही शेंजेन या युरोपातील सामाईक व्हिसाच्या गटात नसल्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागत आला आहे. दोन किंवा अधिक प्रवेशांचा वैध शेंजेन व्हिसा असलेल्यांना त्यावर प्रवेश मिळतो, अशी सवलत आहे. देशाची शेंजेनमध्ये जाण्याची तयारी चालू असल्याने हा नियम बदलू शकतो. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील सायप्रसच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्यावी. मुंबईहून आखाती शहरांमार्गे लार्नाका गाठणे सोयीचे पडते. युरोपात स्थायिक झालेल्यांना पाफॉसची थेट उड्डाणे पुष्कळ मिळतात.

बेटावर रेल्वे नाही. होती ती 1951 मध्ये बंद झाली. पाफॉस शहरात आणि तेथून कोरल बेपर्यंत बस चांगली आहे, पण आकामासचा पट्टा बसच्या भरवशावर होत नाही. येथे भारतीय प्रवाशाला एक मोठा फायदा मिळतो: ब्रिटिश अमलाचा वारसा म्हणून सायप्रसमध्ये वाहने डावीकडून चालतात आणि विजेचे सॉकेटही तीन चौकोनी पिनांचे आहेत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून काढून न्यावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. भाड्याच्या गाड्यांना लाल नंबरपाटी असते, त्यामुळे स्थानिक चालक नवख्याला बहुधा सांभाळून घेतात. महामार्गावर वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे आणि टोल कुठेही नाही.

गाडी घेताना कराराचा एक मुद्दा बारकाईने वाचावा. भाड्याच्या बहुतेक गाड्यांच्या विम्यात कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान, विशेषतः टायर आणि गाडीच्या तळाचे, समाविष्ट नसते. कासवांच्या लारा किनाऱ्याकडे जाणारा रस्ता नेमका तसाच आहे. म्हणून सगळा प्रवास लहान गाडीने करावा आणि त्या एका दिवसापुरती चारही चाकांना जोर मिळणारी उंच गाडी घ्यावी किंवा स्थानिक जीप सहलीत जागा घ्यावी. लहान गाडी धूळवाटेवर रेटून वाचवलेले पैसे परत जाण्याच्या दिवशी दुपटीने द्यावे लागण्याचा धोका असतो.

मुक्काम दोन ठिकाणी ठेवावा: चार रात्री कातो पाफॉस म्हणजे बंदराजवळच्या खालच्या पाफॉसमध्ये आणि शेवटच्या दोन रात्री पोलिस किंवा लाची येथे. लार्नाकाला उशिरा उतरणाऱ्यांनी पहिली रात्र लिमासोलच्या पश्चिमेला काढली तर कूरियन दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच असल्यासारखे होते.

पहिला टप्पा: कूरियन

कूरियन समुद्रावर झुकलेल्या कड्यावर आहे आणि सावली जवळजवळ नाही. सरकारी प्राचीन स्थळे साधारणपणे सकाळी साडेआठला उघडतात; उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातपर्यंत आणि हिवाळ्यात पाचपर्यंत चालू राहतात. येथे साडेआठलाच पोहोचावे. मूळ नाट्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातले आणि आजचे स्वरूप रोमन काळातले आहे. त्यात सुमारे 3,500 प्रेक्षक बसत. वरच्या रांगेत बसून खाली पाहिल्यास रंगमंचाच्या मागे सरळ समुद्र दिसतो. बहुतेक लोक छायाचित्र काढून येथूनच परततात, आणि येथे मला थोडा थांबण्याचा आग्रह करावासा वाटतो. नाट्यगृहाला लागूनच छपराखाली युस्टोलिओसचे घर आहे, इ.स. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्याच्या जमिनीवरील मोझॅकमध्ये, म्हणजे रंगीत खड्यांच्या चित्रात, क्तिसिस म्हणजे निर्मिती, अशा नावाची स्त्री हातात रोमन फूटपट्टी धरून आपल्याकडे रोखून पाहते. प्रवेशाजवळच्या लेखात म्हटले आहे की हे घर दगड, लोखंड, पितळ यांऐवजी ख्रिस्ताच्या पूज्य चिन्हांनी वेढलेले आहे. जुन्या देवांकडून नव्या धर्माकडे सरकणारे शहर एका घराच्या फरशीवर वाचता येते.

चौथ्या शतकातील भूकंपांनी हे शहर कोसळले. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या घरात एक पुरुष, स्त्री आणि तान्हे मूल यांचे सांगाडे एकमेकांना बिलगलेल्या अवस्थेत मिळाले. जवळच्या एपिस्कोपी गावातील छोटे संग्रहालय पाहिल्याशिवाय कूरियन पुरे झाले असे मी म्हणणार नाही.

तेथून सुमारे दोन किलोमीटर पश्चिमेला अपोलो हिलातिस या वनदेवाचे स्थान आहे. मंदिराचा एक कोपरा पुन्हा उभारलेला असून भोवती पाइन वृक्ष आहेत, त्यामुळे साडेदहा-अकराच्या उन्हातही तेथे चालता येते. म्हणून ते कूरियननंतरच ठेवावे. भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे की या देवाच्या वेदीला स्पर्श करणाऱ्याला जवळच्या कड्यावरून ढकलून देत असत. दुपारी खाली उतरून कूरियनच्या लांब किनाऱ्यावर जेवावे आणि पोहावे. वाळू करड्या रंगाची आणि बारीक गोट्यांची आहे, पण वर शहर आणि खाली पाणी असे दृश्य पोहता पोहता मिळणारी जागा या बेटावर दुसरी नाही. हिवाळ्यात गेल्यास वाट थोडी वाकडी करून आक्रोतिरीच्या खाऱ्या तळ्यावर रोहित पक्षी पाहता येतात.

दुसरा टप्पा: पेत्रा तू रोमिऊ आणि कूक्लिया

कूरियनहून पाफॉसकडे जाताना महामार्ग टाळून किनाऱ्याचा जुना रस्ता धरावा. पाफॉसच्या अलीकडे सुमारे पंचवीस किलोमीटरवर समुद्रात उभे असलेले प्रचंड खडक दिसतात. हीच ॲफ्रोडायटीची, प्रेमदेवतेची जन्मभूमी मानली जाते. नाव मात्र तिचे नाही. रोमिऊचा खडक हे नाव बायझंटाइन लोककथांतील वीर दिगेनिस याच्यावरून आले. त्याने हल्लेखोर जहाजांवर हा खडक भिरकावला, अशी कथा आहे. गाडी रस्त्याच्या वरच्या अंगाच्या वाहनतळावर लावून रस्त्याखालच्या भुयारी वाटेने किनाऱ्यावर जावे. किनारा मोठ्या गोट्यांचा आहे, म्हणून पायात चपला हव्यातच. पाणी झपाट्याने खोल होते आणि खडकाभोवती प्रवाह ओढतो. खडकाला प्रदक्षिणा घातल्यास चिरतारुण्य मिळते वगैरे ऐकायला मिळेल, पण लाटा असतील त्या दिवशी हा नाद सोडावा.

कूक्लिया गाव तेथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मुळातले पाफॉस हेच. येथील ॲफ्रोडायटीचे मंदिर साऱ्या प्राचीन भूमध्य जगात प्रसिद्ध होते, आणि तरीही येथे देवीची मूर्ती नव्हती. पूजा होत असे ती एका काळ्या, शंकूच्या आकाराच्या अनघड दगडाची. तो दगड आज मध्ययुगीन सरदारांच्या गढीत थाटलेल्या संग्रहालयात ठेवलेला आहे. युरोपीय प्रवासी या दगडासमोर थोडे बुचकळ्यात पडतात, कारण त्यांच्या मनात संगमरवरी सौंदर्यवती असते. देवीचा तांदळा पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तसे होण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष मंदिराचे अवशेष पायापुरते उरले आहेत, काही मोठ्या शिळा तेवढ्या उभ्या आहेत. त्यामुळे संग्रहालय आधी आणि अवशेष नंतर पाहावेत. वेळ असल्यास गावाखालच्या मैदानातील मध्ययुगीन साखर कारखान्याचे अवशेषही पाहावेत. भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे सरकलेला ऊस मध्ययुगात या किनाऱ्याचे नगदी पीक होता.

सूर्यास्ताच्या आधी तासभर पुन्हा पेत्रा तू रोमिऊच्या वरच्या रस्त्यावर यावे. खालून दिसतो त्यापेक्षा खडक वरून, तिरप्या उन्हात, कितीतरी चांगला दिसतो.

तिसरा टप्पा: पाफॉस

पाफॉसला 1980 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बंदराला लागून असलेले पुरातत्त्व उद्यान मोठे आहे. किमान तीन तास, पाणी आणि टोपी लागते. क्रमही महत्त्वाचा आहे. थीसिअसचे घर, ओर्फिअसचे घर, दुसऱ्या शतकातील ओडिऑन हे छोटे नाट्यगृह आणि 1222 च्या भूकंपात पडलेला सारांता कोलोनेस किल्ला हे उघड्यावरचे भाग आधी संपवावेत आणि छपराखालील, डायोनिसस या ग्रीक मद्यदेवाच्या नावाने ओळखले जाणारे घर उन्हाच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

या घराचा शोध 1962 मध्ये शेतात नांगर चालवताना लागला. सुमारे 2,000 चौरस मीटरच्या या श्रीमंत रोमन वाड्यातील चौथाईहून अधिक भाग मोझॅकने मढवलेला आहे; बहुतेक काम इ.स. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचे किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचे आहे. लाकडी पुलांवरून चालत वरून पाहावे लागते, आणि ते बरेच आहे, कारण हे खडे बसवणाऱ्यांनीही उभ्या माणसाच्या नजरेचाच विचार केला होता. प्रवेशाजवळ पांढऱ्या-काळ्या नैसर्गिक गोट्यांचा स्किला राक्षसिणीचा तुकडा आहे. तो बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जुना, हेलेनिस्टिक म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक काळातला आहे. घाईत तो हटकून सुटतो. पुढे इकारिओसची गोष्ट येते. डायोनिसस त्याला मद्य करण्याची विद्या देतो, वाटेत भेटलेले गुराखी ते पिऊन लोळू लागतात आणि त्यांच्या डोक्यावर ग्रीक अक्षरांत लिहिलेले आहे: पहिले मद्य पिणारे.

भारतीय वाचकाने मात्र डायोनिससच्या विजययात्रेच्या पट्टीपाशी थांबावे. चित्त्यांसारख्या श्वापदांनी ओढलेल्या रथात देव बसला आहे आणि मिरवणुकीत गडद वर्णाचे बंदिवान दाखवले आहेत. ते भारतीय आहेत. डायोनिससने भारतावर स्वारी करून विजय मिळवला, अशी कथा अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक जगात फार लोकप्रिय झाली होती, आणि पाफॉसच्या एका धनिकाने ती आपल्या दिवाणखान्यात जडवून घेतली. स्वतःच्या देशाची अशी काल्पनिक ओळख दुसऱ्याच्या फरशीवर पाहणे गमतीचे वाटते.

दुपारी विश्रांती घ्यावी आणि चारनंतर उत्तरेला दोन किलोमीटरवरील राजांच्या थडग्यांकडे जावे. नावात राजे असले तरी येथे राजे पुरलेले नाहीत, इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तच्या टॉलेमी घराण्याच्या काळातील अधिकारी आणि उच्चभ्रू कुटुंबे यांची ही दफनभूमी आहे. खडकात वरून खाली कोरत नेलेली अंगणे, त्यांच्या चारही बाजूंना डोरिक खांब आणि मागे दफनाची दालने अशी रचना आहे. वेरूळ पाहिलेल्याला खडक वरून खाली खोदण्याची रीत ओळखीची वाटेल, प्रमाण मात्र फार लहान आहे. घराच्या अंगणासारखे थडगे बांधण्यामागे मृतांनाही घर हवे, हा विचार होता. तिरपे ऊन खांबांवर आडवे पडते ती वेळ सर्वांत चांगली. पायऱ्या झिजलेल्या आहेत, म्हणून अंधार होण्यापूर्वी वर यावे.

चौथा टप्पा: कोरल बे ते आयोस योरगोस

हा दिवस हलका ठेवावा. पाफॉसच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर कोरल बे आहे: मऊ वाळू, उथळ पाणी, जीवरक्षक, छत्र्यांच्या रांगा. मुले बरोबर असल्यास पोहण्यासाठी हीच जागा धरावी. एकांत हवा असल्यास टाळावी. शेजारच्या भूशिरावर मा-पालेओकास्त्रो हे इ.स.पू. 1200 च्या सुमारचे तटबंदीचे गाव आहे आणि आंद्रेआ ब्रूनो या वास्तुकाराने बांधलेले, बहुतांश जमिनीत लपलेले छोटे संग्रहालय आहे. संग्रहालयातील वस्तू फारशा नाहीत. पण दोन्ही बाजूंना खाडी असलेली ही चिंचोळी जागा वसाहत करणाऱ्यांनी का निवडली, हे तेथे उभे राहिल्यावर आपोआप कळते.

पुढे पांढऱ्या खडकांतील समुद्रगुहा आहेत आणि 2011 च्या डिसेंबरात वादळात अडकलेले एद्रो तीन हे मालवाहू जहाज आजही तेथे कललेले आहे. कड्याच्या कडेचा खडक पोखरलेला असल्याने अगदी टोकाशी जाऊन छायाचित्रे काढू नयेत. आयोस योरगोस येथे सहाव्या शतकातील बॅसिलिकांचे म्हणजे जुन्या चर्चचे पाये, मोझॅकचे तुकडे आणि खाली मासेमारीचे छोटे बंदर आहे. डांबरी रस्त्याची सोय येथे संपत येते, म्हणून दुसऱ्या दिवशीची तयारी येथेच करावी: गाडीत इंधन, माणशी किमान तीन लिटर पाणी, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला.

पाचवा टप्पा: आवाकासची घळ आणि लारा

आकामास हे सुमारे 230 चौरस किलोमीटरचे, जवळजवळ निर्मनुष्य द्वीपकल्प आहे. ते हॉटेलांपासून वाचले त्यामागे एक विचित्र कारण आहे: ब्रिटिश सैन्य अनेक दशके त्याचा गोळीबाराच्या सरावासाठी वापर करत होते. आजही पायवाट सोडून रानात शिरू नये आणि जमिनीवर दिसलेल्या अनोळखी धातूच्या वस्तूला हात लावू नये, हे त्याचमुळे.

सकाळी लवकर आवाकासची घळ करावी. चुनखडकात ओढ्याने कापलेली ही वाट सुरुवातीला रुंद असते आणि आत गेल्यावर इतकी अरुंद होते की वर आकाशाची चिंधी उरते. कड्यांच्या भेगांत वाढणारी सेंतोरेआ आकामान्तिस ही जांभळट फुलांची वनस्पती जगात फक्त याच परिसरातील घळींमध्ये आढळते. अरुंद भागापर्यंत जाऊन परत यायला दोन तास पुरतात. पूर्ण घळ पार करण्याचा आग्रह अनुभवी पदयात्रींनीच धरावा. पावसात किंवा पावसानंतर एक-दोन दिवस आत जाऊ नये, कारण पुराइतकाच दरड कोसळण्याचा धोका असतो. प्रवेशापाशी बंदीची पाटी किंवा हेल्मेटची सूचना असेल तर ती पाळावी. खडकाला टेकून बसण्यापूर्वी नीट पाहावे. बोथट नाकाचा विषारी घोणसवर्गीय साप या बेटावर आहे आणि उन्हाळ्यात तो पाण्याजवळच्या सावलीला येतो.

तेथून लारा. दोन वाळूच्या चंद्रकोरी, मध्ये खडकाळ नाक, मागे इमारत नाही. येथे लॉगरहेड आणि हिरवे कासव अशा दोन जातींची समुद्री कासवे अंडी घालतात. मत्स्य विभागाने 1978 मध्ये येथे संवर्धन केंद्र सुरू केले. माद्या साधारण मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत रात्री किनाऱ्यावर येतात आणि सुमारे सात आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात, म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबर हा पिल्लांचा काळ. वेळासला जाऊन आलेल्यांना एक फरक जाणवेल. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी बहुधा उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरली जातात. लाराला बहुतेक घरटी जागच्या जागी ठेवून त्यांवर जाळीचे पिंजरे बसवतात, म्हणजे कोल्हे अंडी उकरत नाहीत आणि पिल्ले मात्र जाळीतून निघून जातात. वाळूचे तापमान पिल्लांचे लिंग ठरवते, अधिक उष्ण वाळूत माद्या अधिक जन्मतात. म्हणूनच घरट्यावर छत्रीची सावली पाडणे हीसुद्धा ढवळाढवळ ठरते.

नियम त्यातूनच आले आहेत. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या लावणे, गाडी वाळूवर आणणे आणि रात्री थांबणे यांना मनाई आहे. टॉवेल पाण्याच्या अगदी कडेला, ओल्या वाळूवर पसरावा, कारण घरटी वरच्या कोरड्या पट्ट्यात असतात. सावली नसल्यामुळे लाराला दोन तासांपेक्षा जास्त वेळ काढण्याचा बेत करू नये. बारापूर्वी किंवा चारनंतर जावे. किनाऱ्यावर सुकलेल्या तपकिरी पात्यांचे ढीग दिसतील. तो कचरा नव्हे. ते समुद्री गवत आहे, आणि हिवाळ्याच्या लाटांपासून वाळू धरून ठेवण्याचे काम तेच करते.

पाण्याखाली चष्मा लावून पाहणाऱ्यांना पट्टेदार, लांब काट्यांचा लायनफिश भेटू शकतो. तो मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातला. सुएझ कालव्यातून तो येथे पोहोचला आहे. काटे विषारी असल्याने हात लावू नये.

सहावा टप्पा: पोलिस, लाची आणि ॲफ्रोडायटीची न्हाणी

पाफॉसहून पोलिसला डोंगर ओलांडून पस्तीस किलोमीटरच्या रस्त्याने जावे. पोलिसच्या पश्चिमेला लाची हे मासेमारीचे बंदर आणि त्यापुढे रस्ता संपतो तेथे ॲफ्रोडायटीची न्हाणी म्हणजे अंजिराच्या झाडाखालचा झऱ्याचा डोह आहे. नाव ऐकून मोठ्या अपेक्षा धरू नयेत. डोह लहान आहे, त्यात उतरण्यास मनाई आहे आणि पाच मिनिटांत तो पाहून होतो. खरे मोल त्याच्या शेजारी सुरू होणाऱ्या दोन वाटांचे आहे. ॲफ्रोडायटी आणि अदोनिस अशा नावांच्या या दोन्ही वाटा साधारण साडेसात किलोमीटरच्या, वर्तुळाकार आहेत आणि मोठ्या ओकजवळच्या रिगेना नावाच्या मध्ययुगीन मठाच्या अवशेषांपाशी एकत्र येतात. ॲफ्रोडायटीची वाट पुढे सुमारे 370 मीटर उंचीच्या मुत्ती तिस सोतीरास या माथ्यावर चढते; वरून आकामासचे टोक आणि दोन्ही बाजूंचा समुद्र एका नजरेत येतो. साडेतीन-चार तास धरावेत, सूर्योदयाबरोबर सुरुवात करावी आणि ऊन तापण्यापूर्वीच चढ संपवावा. उतरताना वाट किनाऱ्याच्या वर येते आणि खाली हिरवट निळ्या पाण्याच्या खाड्या सतत दिसत राहतात.

त्या खाड्यांकडे, विशेषतः ब्लू लगूनकडे, लाचीहून नावा जातात. सकाळची पहिली नाव घ्यावी, कारण अकरानंतर तेथे नावांचीच गर्दी होते.

जेवणाबद्दल

शाकाहारी माणसाचे या बेटावर हाल होत नाहीत, पण शब्द माहीत असावा लागतो. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या अन्नाला निस्तीसिमा म्हणतात आणि त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसते. हा एक शब्द उच्चारला की अर्धे काम होते. लुवी म्हणजे चवळी, ती पालेभाजीसोबत उकडून लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून येते. कोलोकासी म्हणजे आपल्या अळकुड्यांचाच भाऊबंद. तो बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, म्हणून विचारून घ्यावे. हलुमी हे भाजूनही न वितळणारे चीज सर्वत्र मिळते. पारंपरिक हलुमीत दूध घट्ट करण्यासाठी प्राण्यांपासून मिळणारे रेनेट वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारींनी पाकीट वाचून निर्णय करावा. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते.

परतीचा हिशेब सोपा आहे: पोलिसहून पाफॉस विमानतळ सुमारे एक तास, लार्नाका सव्वादोन ते अडीच तास. सामान बांधण्यापूर्वी खिसे तपासावेत. नांगरलेल्या शेतात, ओढ्याच्या काठी किंवा किनाऱ्यावर सापडलेले रंगीत खापर, मोझॅकचा खडा किंवा नाणे उचलून नेणे हा येथे गुन्हा आहे. अशी वस्तू दिसल्यास जागेचे छायाचित्र काढून ती होती तेथेच राहू द्यावी आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे.